तळ्यावर राहिलेला थोरला

आत्या शाळेची बस चालवायची. बावीस वर्षांत तिनं एकही पोर रस्त्यात विसरलं नव्हतं, आणि विसरावीत अशी पोरं त्या बसमध्ये पुष्कळ होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी शाळा तिला बस वापरू द्यायची. मग अख्खं गोत आत कोंबून ती तळ्यावर सहलीला न्यायची. तळं दरवर्षी तेच, भांडणंही तीच. माणसं मात्र वर्षागणिक रुंद होत चालली होती. तिघांच्या सीटवर हल्ली दोघंच मावायचे, तेही एकमेकांवर रुसून.

दाराजवळची एकटी सीट थोरल्याची. थोरला म्हणजे आत्याचा मोठा भाऊ. वजनमाप खात्यातून तो निवृत्त झाला होता, पण खातं काही त्याच्या अंगातून गेलं नव्हतं. दुकानदारांची मापं तपासून तपासून त्याला जगात सगळीकडे कमीच दिसायचं. बटाटे कच्चे, सतरंजी चार बोटं तोकडी, बसला वेग नाही. "गिअर टाक," तो आत्याला सांगायचा. स्वतःला सायकलसुद्धा धड येत नव्हती.

यंदा त्यानं कलिंगड कापायला घेतलेल्या धाकट्या सुनेच्या हातून सुरी काढून घेतली. फोडी सारख्या व्हाव्यात म्हणून एवढा वेळ लावला, की पोरं पाण्यात डुंबून, भांडून, वाळूनही आली.

निघायची वेळ झाली. आत्यानं हॉर्न दिला, सगळे चढले, बस सुटली. तळ्याचं वळण गेल्यावर तिनं सहज डावीकडे पाहिलं, तर थोरल्याची सीट रिकामी!

पाय ब्रेककडे गेलासुद्धा. पण बसमध्ये इतकं छान वाटत होतं! कुणी गिअर टाक म्हणत नव्हतं. मागं पोरं बेसूर गात होती आणि कुणी त्यांना गप्प करत नव्हतं. पुढच्या फाट्यावर वळवू, तिनं ठरवलं. फाटा आला, गेला. पेट्रोल पंपावर वळवू. पंपही गेला. शेवटी मन खायला लागलं, तशी तिनं बस कडेला घेतली.

"दादा राहिला," ती म्हणाली.

कुणी दचकलं नाही. थोरल्याची बायको पाय वर घेऊन निवांत बसली होती.

"मला वळणावरच कळलं होतं," वहिनी म्हणाली. "म्हटलं, तुझ्या लक्षात आलं असेल."

"मी सांगणारच होतो," धाकटा भाऊ म्हणाला. "पण गाणं मध्येच कसं तोडायचं?"

मागून एक नात म्हणाली, "आम्ही तर आजोबांना टाटा पण केला."

आत्यानं बस वळवली. आता मात्र तिनं कुणी न सांगता गिअर टाकला. सत्तरीचा माणूस, वर ऊन, चष्मा आणि फोन दोन्ही वहिनीच्या पिशवीत. कुठंतरी दगडावर हिरमुसून बसला असेल. काय सांगायचं, याची ती वाटेत तालीम करत होती.

थोरला झाडाखाली सापडला. कुणा परक्या कुटुंबाच्या सतरंजीवर, मधोमध. बाह्या सरसावून तो त्यांचं कलिंगड कापत होता आणि तागडीखाली चिंच चिकटवणाऱ्या दुकानदाराची गोष्ट सांगत होता. घरी ती गोष्ट सुरू झाली की एकेकाला लघवीला लागायची. इथं डझनभर माणसं तोंडाचा आ करून ऐकत होती.

"मग? पकडलात कसा?" एका बाईनं विचारलं.

आत्या झाडाला टेकून उभी राहिली. थोरला चांगला सांगत होता. तिनं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. कितीतरी वर्षांत प्रथमच.

मग त्याचं लक्ष गेलं. "इतक्यात आलात? अजून अर्धं कलिंगड राहिलंय!"

ते संपेपर्यंत बस थांबली. परकी माणसं त्याला पोचवायला दारापर्यंत आली. "ठेवूनच घ्या म्हणावं," वहिनी पुटपुटली, पण पिशवीतून चष्मा काढून, पदरानं पुसून तिनं त्याच्या हातात दिला.

फाटा आला तसा थोरला पुढं वाकला. मग हळूच म्हणाला, "मी नाही, हे कधी कळलं तुला?"

"लगेच."

"मग एवढा वेळ?"

"बस वळवायला जागा नको?"

थोरल्यानं रस्त्याकडे पाहिलं. दोन ट्रक एकमेकांच्या बाजूनं आरामात निघून गेले. थोड्या वेळानं त्याची मान खिडकीला टेकली आणि तो तोंड उघडं टाकून घोरायला लागला. आत्यानं खड्डे चुकवत, सावकाश बस घरी आणली.