अकरापैकी तीन दवाखाने

फोन उचलला की न्याकायिरा आधी काहीच बोलायची नाही. पलीकडचा माणूस दोन-तीनदा "हॅलो" म्हणायचा, वैतागायचा, आणि आवाज ओळखीचा वाटला की मगच ही "बोला" म्हणायची. म्झुझू शहरातल्या त्या प्रयोगशाळेत सगळ्यांना तिचा स्वभाव पाठ होता. ती लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायची, चहाचा कपसुद्धा कुलूपबंद कपाटात ठेवायची. तिथले प्रमुख डॉक्टर चावुला म्हणायचे, "हिच्या दारात उद्या देवदूत उभा राहिला ना, तरी ही त्याच्याकडे ओळखपत्र मागेल." यावर ती शांतपणे म्हणायची, "मागेनच. देवदूताचे कपडे कुणालाही शिवून मिळतात."

एमेली हे तिचं नाव पगाराच्या कागदापुरतं. कायिरांची लेक म्हणून सगळ्यांची न्याकायिरा. पन्नाशी ओलांडलेली, विधवा, मुलगी लग्न होऊन ब्लांटायरला गेलेली. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ते बंद पडल्यावर जुन्या पुस्तकांवरून प्रोग्राम लिहायला शिकली, आणि आता डोंगरातल्या अकरा मिशन दवाखान्यांचे रक्ताचे रिपोर्ट म्झुझूच्या डॉक्टरांसाठी तिथल्या मशीनपर्यंत पोचवायचं काम तिच्याकडे होतं.

दोन मशीन एकमेकांशी बोलतात ती सॉकेटमधून. साधं सॉकेट उघडं असतं. मधे कुणीही कान लावावा. न्याकायिराने एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा कोडचा तुकडा, लिहिली होती. तिच्या हाती उघडं सॉकेट दिलं की ती त्यावर गुप्त भाषेचं वेष्टण चढवून परत देई. शब्दांना कुलूप लावणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम दुसरं, ते म्हणजे समोर जो 'मी म्झुझू' म्हणतोय तो खरंच म्झुझू आहे का, हे त्याचं सर्टिफिकेट तपासून ठरवायचं. नाव जुळलं नाही, सही जुळली नाही, मुदत जुळली नाही, तर एक अक्षर न बोलता फोन ठेवायचा. ही तपासणी लिहायला तिला चार महिने लागले होते.

फेब्रुवारीत काझिंग्वाच्या दवाखान्यातून सिस्टर तियेझगेचा फोन आला. न्याकायिराने नेहमीप्रमाणे तिला तीन वेळा हॅलो म्हणू दिलं.

"अहो न्याकायिरा, बोला की आता. मीच आहे."

"बोला सिस्टर."

"इथे एका बाईचा रिपोर्ट फुटला. रक्तात एचआयव्हीचा विषाणू वाढलाय. तिला कागद मिळाला गुरुवारी, आणि बुधवारीच विहिरीवर तिच्या नणंदेने चारचौघींत तिला ऐकवलं. बाई माहेरी निघून गेलीय."

"कागद तुमच्याकडे कधीपासून होता?"

"सोमवारपासून. पण पाकिटात बंद, माझ्या कपाटात. किल्ली माझ्या कमरेला."

न्याकायिराने फोन ठेवला. कपाट बंद, पाकीट बंद. मग वाटेत कुणीतरी ऐकलं होतं.

दुसऱ्या कुणी आधी गावात चौकशी केली असती. ती रिपोर्ट ज्या तारेतून येतात तिच्या मागे लागली. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, बाकीचे मक्याच्या न्सिमाची आणि उसिपा माशांची ताटं घेऊन झाडाखाली गेल्यावर, तिने कोपऱ्यातल्या जुन्या मशीनला खोटं म्झुझू बनवलं. सर्टिफिकेट घरी केलेलं, सही कुणाचीच नाही. मग तासाभरासाठी अकराही दवाखान्यांची वाट तिकडे वळवली. तिच्या लायब्ररीने अकराही ठिकाणी या भामट्याला तोंडावर नकार द्यायला हवा होता.

पहिला नकार आला, दुसरा आला. ती कागदावर रेघा ओढत होती. एकूण आठ नकार आले. मग काझिंग्वाचं मशीन आलं आणि भामट्याने काही विचारायच्या आत बारा रोग्यांची नावं, वयं, आकडे त्याच्या पुढ्यात ओतून मोकळं झालं. मागोमाग आणखी दोन दवाखाने तसेच.

तिने वाट पूर्ववत केली, ती नावं पुसून टाकली आणि काझिंग्वाची लायब्ररी लांबूनच ओढून घेऊन आपल्या प्रतीशी ओळीनं ओळ ताडून पाहिली. एकच ओळ जास्तीची होती. तपासणी फसली तर तपासणी सोडून दे आणि बोल.

ती ओळ तिने लिहिलेली नव्हती. आणि त्या मशीनमधला कोड बदलू शकणारी माणसं दोनच होती, ती आणि खुंबो.

खुंबो मुन्थाली तिशीचा, दोन मुलींचा बाप, हसरा, दवाखान्यांत जाऊन मशीन बसवणारा. हसऱ्या माणसांवर तिचा मुळातच विश्वास नव्हता. आता तिला एकेक आठवायला लागलं. फोन आला किंवा करायचा असला की तो उठून बाहेर पाण्याच्या टाकीमागे जातो. हळू बोलतो. तिची चाहूल लागली की "नंतर करतो" म्हणतो. डिसेंबरात न सांगता काझिंग्वाला जाऊन आला, कपड्यांना लाल माती होती म्हणून कळलं.

संध्याकाळी तिने त्याला गाठलं.

"खुंबो, काझिंग्वाला सगळं ठीक चाललंय ना?"

"चाललंय की. का हो?"

"लायब्ररी माझीच आहे ना तिथे? कुणी हात नाही ना लावला?"

तो क्षणभर थांबला. तो क्षण तिने मोजला. मग तो म्हणाला, "तुमच्या लायब्ररीला हात लावायची कुणाची छाती आहे?" आणि हसला.

खोटं बोलला. घरी जाऊन तिने एका पानाचं निवेदन लिहिलं. कुठे, काय, कधी, आणि शेवटी नाव. नाव लिहिताना पेन अडलं.

एक्स्चेंजमध्ये ती वीस वर्षांची असताना असंच एक नाव तिने लिहिलं होतं. तेव्हा देशात एकच पक्ष होता, आणि बोर्डावर बसणाऱ्या मुलींनी कान उघडे ठेवायचे आणि शुक्रवारी येणाऱ्या पक्षाच्या माणसाला कागद द्यायचा, अशी रीत होती. एक शिक्षक बहिणीला फोनवर म्हणाला होता, इकडे मका मिळत नाही, सगळे थापा मारतात. तिने ते उतरवून दिलं. द्यायचं असतं म्हणून दिलं. पुढच्या आठवड्यात शाळेत नवा शिक्षक आला. जुना दोन वर्षांनी परतला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

पण हे तसं नाही, तिने स्वतःला बजावलं. इथे पुरावा आहे. सकाळी तिने कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी दोनदा वाचला. "त्याने माहिती विकली असं तुम्हाला म्हणायचंय?"

"त्याने दार उघडं टाकलं असं म्हणायचंय. का, ते त्यालाच माहीत."

"तुम्ही विचारलंत त्याला?"

"विचारलं. खोटं बोलला."

त्या दुपारी खुंबोचे सगळे पासवर्ड बंद झाले आणि चौकशी संपेपर्यंत त्याला रजेवर पाठवलं गेलं. तो आपली पिशवी घेऊन निघाला तेव्हा न्याकायिरा समोरच बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

चौकशी पुरी करायची म्हणून शनिवारी ती स्वतः काझिंग्वाला निघाली. भाड्याने माणसं नेणाऱ्या मातोला ट्रकच्या हौद्यात, मक्याच्या पोत्यांवर, चितेंजेचं कापड डोक्याला गुंडाळून, चार तास. येणार म्हणून कुणाला कळवलं नव्हतं. कळवलं की लोक आवरून ठेवतात.

सिस्टर तियेझगे तिला बघून चकितच झाली. "बसा तरी. पण मशीन आत्ताच बंद पडलंय. दोन दिवस ऊन नाही, बॅटरी उतरली. थांबा, दुसरी लावते."

मशीन सुरू झालं. सिस्टर पडद्यापुढे वाकली आणि सवयीने तारीख बदलायला लागली.

"हे काय करताय?"

"खुंबोने शिकवलंय. बंद पडून सुरू झालं की याला वाटतं अजून चार वर्षांपूर्वीचाच दिवस आहे. मग रिपोर्ट जात नाहीत. मी विसरते हो, इथे बाळंतिणी असतात, मलेरिया असतो. बिचारा रोज फोन करून आठवण करायचा. तरी व्हायची चूक. डिसेंबरात एका पोराचा रिपोर्ट नऊ दिवस अडकला, म्झुझूहून औषध ठरून आलंच नाही. पोर गेलं. मग खुंबो येऊन काहीतरी करून गेला. तेव्हापासून अडत नाही."

न्याकायिराने मनात हिशेब केला. चार वर्षांपूर्वीच्या तारखेला म्झुझूचं सर्टिफिकेट अजून जन्मलंच नव्हतं. मुदत जुळत नाही म्हणून तिच्याच तपासणीने दार लावून घेतलं होतं, आणि ते उघडायला खुंबोने ती ओळ घातली होती. बॅटऱ्या जुन्या असलेले दवाखाने तीनच होते.

"आणि तो रिपोर्ट? फुटलेला?"

"तेच कळत नाही."

"बाईला बोलावलंत कसं?"

"निरोप पाठवला. सायकलवाल्याबरोबर. गुरुवारी ये म्हणून."

"सगळ्यांना गुरुवारी बोलावता?"

"नाही, आकडा वाढलेल्यांनाच. त्या दिवशी समुपदेशन करणारी येते ना." सिस्टर बोलता बोलता थांबली. खिडकीखाली एक लांब बाक होता, रस्त्याकडे तोंड करून; गुरुवारी बोलावलेले त्यावरच बसत. "म्हणजे सायकलवाल्याला..."

"त्यालाही कळतं आणि नणंदेलाही. गुरुवार म्हणजे काय ते अख्ख्या गावाला ठाऊक असेल, तुम्ही सोडून. आणि मी सोडून."

परतीच्या वाटेवर पोत्यावर बसल्या बसल्या तिचं मन स्वस्थ नव्हतं. सायकलवाला खरा, पण ते दारही उघडंच होतं. दोन महिने. तिथून कुणी ऐकलंच नाही असं कोण छातीठोक सांगणार? हे तिला पुढेही कधी कळलं नाही.

सोमवारी तिने डॉक्टरांकडून आपला कागद मागून घेतला, त्याखाली खरं काय ते लिहिलं, सही केली आणि परत दिला. मग खुंबोच्या घरी गेली. तो अंगणात मुलीच्या वेण्या घालत होता. बसा म्हणाला नाही.

"पासवर्ड चालू झालेत," ती म्हणाली. "तुझं नाव मी लिहिलं होतं. चुकलं."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं होतं."

"पोलीस विचारतो तसं. मी काय सांगणार? सांगितलं असतं तर तुम्ही ते तीन दवाखाने बंद केले असतेत."

तिने विचार केला. "केले असते."

"मग?"

"मग तू माझ्याशी भांडायचं होतंस. खुंबो, ती ओळ चूकच आहे. कुणीही उठून म्झुझू बनला असता. मी बनले होते. बारा नावं दिली मला तुझ्या मशीनने."

त्याचे हात वेणीत थांबले. हे त्याला माहीत नव्हतं. मग तो म्हणाला, "त्या पोराच्या बापाला मी स्वतः फोन केला होता. टाकीमागे उभा राहून. तुमच्यासमोर करवेना."

महिनाभरात अकराही मशीनना बटणाएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ बसलं, खुंबोनेच बसवलं. लायब्ररीतून ती ओळ गेली. तपासणी फसली तर लायब्ररी आता नुसती गप्प बसत नव्हती, 'मला आज अमुक तारीख वाटतेय, बरोबर आहे का?' असं पडद्यावर मोठ्या अक्षरांत विचारत होती. ही कल्पना खुंबोची, शब्द न्याकायिराचे, आणि त्या शब्दांवरून दोघं दोन दिवस भांडली. काझिंग्वाला समुपदेशन करणारी आठवड्यातून तीन वेगवेगळ्या दिवशी यायला लागली. ती बाई मात्र माहेराहून परत आली नाही. औषध तिकडच्या दवाखान्यातून घेते, एवढंच सिस्टरला कळलं.

खुंबो कामावर परतला. हसणं थोडं कमी झालं होतं. फोन आला की आता तो जागेवर बसूनच बोलायचा, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असा. पण न्याकायिरा त्याच्या टेबलाजवळून जायला लागली की त्याचा हात आपोआप कळफलकाकडे जायचा आणि पडदा काळा व्हायचा. तिने ते पहिल्या दिवशीच पाहिलं.