पुन्हा प्यालेल्यांचा रकाना

डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "लिव्हर सिरोसिस आहे." मग माझ्याकडे पाहून त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. दारूनं यकृत आकसतं, घट्ट होतं, त्यावर गाठी धरतात, आणि गेलेलं परत येत नाही. नवऱ्याचं पोट फुगलं होतं ते असायटिसनं, म्हणजे पोटात पाणी साचून. "आता एक घोटही नाही. उरलेलं लिव्हर टिकलं तर माणूस टिकेल."

नवऱ्यानं विचारलं, "साहेब, रविवारी साखरपुडा हाय. तवर सोडाल ना?"

चव्वेचाळीस वर्षांचा घोडा. डोळे पिवळे, पाय सुजलेले, आणि चिंता कशाची तर भावकीतल्या कुणाच्या साखरपुड्याची. मला त्याची कीव आली असं लिहायला हवं. नाही आली, किळस आली. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. इथे म्हणणार नाही.

भिवंडीजवळ पूर्ण्यात आमचं शेत होतं. तिथे गोडाऊन उभं राहिलं आणि नवऱ्याला काम उरलं नाही. गोडाऊनच्या गेटाशी खुर्ची टाकून बसायचं, याला तो ड्युटी म्हणायचा. दलाल यायचे, ड्रायव्हर यायचे, बाटली यायची. मी अंगणवाडीत नोकरी केली, मुलगी वाढवली आणि त्याला उचलून घरात आणायला शिकले.

ठाण्याच्या हॉस्पिटलात अकरा दिवस गेले. दोनदा सुई घालून पोटातलं पाणी काढलं. एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून आत पाहिलं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या. त्यांना व्हेरिसेस म्हणतात, आणि त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होऊन माणूस जातो. बाहेरच्या बाकावर बसून मी हे शब्द हातावर लिहून घेत होते, कारण नातेवाईक फोनवर विचारत होते. त्यातल्या निम्म्यांनी त्याच्याबरोबर ग्लास भरले होते. आता हेच विचारत होते, "असं कसं झालं गो?"

घरी सोडताना डॉक्टरांनी एक पत्ता दिला. भिवंडीत एका शाळेच्या वर्गात दारू सोडलेल्यांची फेलोशिप भरते. प्यायचे ते लोक एकत्र बसतात, आपापली कहाणी सांगतात, त्याला शेअरिंग म्हणतात, आणि आजचा दिवस पीत नाहीत. फी नाही, आडनाव सांगायचं नाही. यावर मी हसले. पूर्णा-कशेळीत नवऱ्याचं आडनाव कुत्र्यांनाही पाठ आहे, गटारात पडलेला त्यांनीच तर आधी पाहिलेला.

पण तो जायला लागला. मरणाच्या भीतीनं गेला, आवड म्हणून नाही. आणि तिथे त्यांनी त्याला सेवा दिली.

सेवा म्हणजे काय, तर खुर्च्या मांडायच्या, चहा करायचा, कप धुवायचे. वर्षभरानं कुटुंबांना बोलावलं तेव्हा मी गेले. पॉवरलूमवर कापड विणणारा एक बिहारी, नगरपालिकेतला एक कारकून, मानकोलीचा एक टेम्पोवाला, अशांचे उष्टे कप नवरा वाकून विसळत होता. घरी या माणसानं जेवल्यावर ताट कधी उचललं नाही. पाण्याचा पेला हातात द्यावा लागे. सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्या तोंडात शिवी आली होती, मुलगी बरोबर होती म्हणून गिळली.

तुमच्या घरी असा कोणी असेल तर हे आधीच ऐकून ठेवा. तो सुधारायला लागला की जगाचा लाडका होतो, आणि तुम्ही तशाच उभ्या राहता.

पुढे त्याला बढती मिळाली. ग्रुपचा प्रतिनिधी! महिन्यातून एकदा ठाण्याला रीजनची मीटिंग असे. सगळ्या भागातले प्रतिनिधी तिथे जमायचे, आपापला अहवाल वाचायचे आणि इतरांच्या बातम्या घेऊन परत यायचे. त्या बातम्या ग्रुपला सांगण्याआधी नवरा जेवताना आम्हाला ऐकवायचा. मुरबाडला नवीन ग्रुप सुरू झाला. कल्याणला हॉस्पिटलात माहितीसभा झाली, चार पेशंट आले, दोन झोपले. शहापूरची मीटिंग मंगळवारऐवजी गुरुवारी. मुलगी दहावीला आहे की नववीला, हे याला विचारलं तर छताकडे बघणार, आणि मुरबाडची बित्तंबातमी पाठ.

अहवाल मात्र मी लिहायचे. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि अंगणवाडीमुळे मला रकाने भरायची सवय. अहवाल कसा असावा हे मला कोणी शिकवायला नको. वरच्यांना वाचायला बरं वाटेल असा असावा. या कागदावर चार-पाच रकाने होते: मीटिंगा किती झाल्या, नवीन किती आले, माहितीसभा किती. शेवटचा रकाना, पुन्हा पिऊन परत आलेले किती. तिथे मी न विचारता शून्य घालायचे. आमच्या ग्रुपात खरंच तसं कोणी नव्हतं, निदान वर्षभर नव्हतं.

शनिवारची दुपार होती, लोडशेडिंग चालू होतं. दुसऱ्या दिवशी ठाण्याला मीटिंग. मी पुठ्ठ्यानं वारा घेत कागद भरला, शेवटी शून्य काढलं आणि त्याच्याकडे सरकवला.

तो म्हणाला, "शून्य न्हाय. एक लिव."

"कोन? तो लूमवाला ना? मना वाटलंच हुतं."

"न्हाय. मी."

बुधवारी पुतण्याची हळद होती. मी बायकांत होते. मंडपामागे त्यानं घेतली.

मला आधी राग आला नाही. फुगलेल्या शिरा डोळ्यांसमोर आल्या. मग मी बोलले ते आठवून आज मलाच लाज वाटते. मी म्हणाले, "शून्यच राहू द्या. कोन बघायला येतंय?"

कारण मला नियम माहीत होता. प्यायला की पद जातं, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. त्या पदाला मी रोज नावं ठेवत होते, पण त्याच्या आधारावर तो उभा होता हेही मला कळत होतं. ते गेलं की हा परत गेटावर, आणि गेटावरून सरळ स्मशानात.

त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं, शून्यावर काट मारली आणि बाजूला एक काढला. वेडावाकडा. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

मी कागद धरून बसले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्या वर्षांत त्याची प्रत्येक बाटली मीच पकडली होती. वासावरून, चालीवरून, कपाटातल्या साड्यांखालून. या वेळी मला काहीच कळलं नव्हतं. त्यानं सांगितलं नसतं, तर कधीच कळलं नसतं.

रविवारी त्यानं ठाण्यात तो अहवाल स्वतः वाचला आणि पद सोडलं. पुढच्या मीटिंगपासून पुन्हा कप. त्या लोकांनी त्याला मिठ्या मारल्या म्हणे. मारोत. मला त्यांचं भाषण अजून आवडत नाही, पण एवढं मान्य करते की खोटं न बोलायला त्याला देवानं शिकवलं नाही, आईनं नाही, मीही नाही. त्या कपवाल्यांनी शिकवलं. त्यांचे आभार मानायला माझी जीभ वळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सोमवारी त्याला घेऊन हॉस्पिटलात गेले. रक्त तपासायला दिलं आणि दीड तास बाकावर बसलो. आत डॉक्टरांनी विचारलं, "घेतली होती?"

"हो साहेब. बुधवारी. दीड गिलास. देशी."

डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. दारुड्याच्या शब्दावर कोणी काही लिहून घेत नाही, बायकोला विचारतात.

किती ग्लास ते मी पाहिलं नव्हतं. कुठली होती तेही नाही.

"लिहा," मी म्हणाले. "हे म्हणतात तेवढीच."