दोष सेटमध्ये शोधत बसलो

मंडळी, सकाळपासून कशातच मन नाही, तरी लिहितो.

भंगारातून हॅम रेडिओचं स्टेशन उभं करतोय, हे तुम्हाला माहीत आहेच. टॅक्सीवाल्यांनी टाकून दिलेला वायरलेस सेट, जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, टीव्ही अँटेनाच्या नळ्या. आज जाम गावातल्या माझ्या गॅरेजवरून पहिली हाक दिली. हिंगणघाटहून वासुदेवभाऊंनी उत्तर दिलं. ते एकटेच राहतात. रेडिओ मला त्यांनीच शिकवला.

"आयकू येऊन राह्यलं ना बे?" हे पहिलं वाक्य स्वच्छ आलं. मग शब्द जड व्हायला लागले.

"भाऊ, तोंडातला खर्रा थुकून बोला ना!" मी हसलो.

पुन्हा तसंच. वाटलं, आपला सप्लाय दगा देतोय. तो काढून ट्रकची बॅटरी जोडली, अँटेनाची वायर बदलली. "थांबा भाऊ, दुरुस्त करून राह्यलो," म्हणत अर्धा तास घालवला. ते बिचारे बोलतच होते.

तेवढ्यात समुद्रपूरचा एक मित्र मध्ये बोलला. त्याच सेटवर, अगदी स्वच्छ. म्हणजे सेट ठीक होता; मी माईक टाकून फोन उचलला.

भाऊंच्या शेजाऱ्याचा नंबर मिळवण्यात आणखी वेळ गेला. शेजाऱ्याने दार तोडलं तेव्हा माईक भाऊंच्या हातातच होता. अर्धांगवायू. जीव वाचला, वाचा गेली. लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगतो म्हणून लोक माझ्याकडे ट्रक आणतात.

तुम्ही रोज ज्याच्याशी रेडिओवर बोलता, त्याच्या शेजाऱ्याचा नंबर आहे तुमच्याकडे?