सुईवर ठेवलेली शाल

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. बारावीच्या पुढे शिकायला गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच, म्हणून घरच्यांना वाटतं की मला लिहिता येतं. कॉलेजात तसं कोणालाच वाटत नाही. दुसरं म्हणजे, ज्या बायकांबद्दल लिहितोय, त्यांनीच खरं तर हे लिहायला हवं. आईला तसं म्हणून पाहिलं, तर ती म्हणाली, "लिहायला बसले तर मला झोप लागेल. तूच लिही." म्हणून लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

अंबरनाथच्या पुढे, कात्रपला आमच्या बुद्धविहाराच्या मागे एक लांबट खोली आहे. खुर्च्या, सतरंज्या, जयंतीच्या पताकांची पोती, सगळं तिथेच. दर शुक्रवारी दुपारी त्या खोलीत विणकाम मंडळ बसतं. शुक्रवार, कारण कंपन्यांना सुट्टी असते. पण शुक्रवारी बऱ्याचदा लाईटही जाते. मग पंखा बंद, आणि सगळ्याजणी खिडकीकडे सरकून बसतात. मंडळ नाव मोठं आहे, पण पाटी नाही, नोंदणी नाही. ज्येष्ठ म्हणून एक काकी आहेत, पूर्वी अंगणवाडीत शिकवायच्या. त्या चालवतात. खालच्या गावातल्या एक आगरी आजी येतात. त्यांच्या शेताची आता सोसायटी झाली आहे, आणि त्या सोसायटीच्या जिन्यात बसून विणण्यापेक्षा इथे बरं म्हणतात. बाकी आईसारख्या, कोणी पॅकिंगला, कोणी धुणीभांडी करून आलेल्या.

विणकाम मंडळ म्हटल्यावर लोकांना गप्पा, हसणं, चहा असं काही वाटत असेल. तेही असतं. पण खरं सांगायचं तर त्या बायका तिथे दमायला येतात. म्हणजे आठवडाभर दमलेल्याच असतात, पण दमलोय हे दाखवायला दुसरीकडे जागा नसते. हातात सुया असल्या की कोणी रिकामी बसलीस म्हणत नाही. डोळे मिटलेले आणि सुया चाललेल्या, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. सुलट, उलट, सुलट, उलट. मध्येच एखादीची मान कलते. शेजारची तिला कोपराने ढकलते. "टाका सुटला बघ तुझा." तिचा टाका सुटलेला नसतो.

मी तिथे कसा, हे सांगायला हवं. बारावीनंतर मला कावीळ झाली आणि खूप दिवस घरात पडून होतो. मोबाईल बघून डोळे दुखायचे. आईने सुया आणि उरलेली लोकर हातात दिली. पुढे बरा झालो तरी सवय राहिली. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळे शुक्रवारी दुपारी मीही जाऊन बसू लागलो. पहिल्या दिवशी आगरी आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय रं पोरा, लग्नाचा इचार हाय का? बायकोला स्वेटर घालनार?"

"नाही आजी."

"मंग चांगला हाय. बस. आमच्यान कोनी तरी डोळं उघडं ठेवनारा पायजे."

मंडळाची एक रीत आहे. मंडळातल्या कोणाच्या घरी बाळ येणार असेल, तर सगळ्याजणी मिळून एक शाल विणतात. प्रत्येकीने थोड्या ओळी घालायच्या. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल, त्यामुळे शालीच्या कडा कधी सरळ येत नाहीत. पण शेवटची ओळ बंद करायची नाही. टाके सुईवर तसेच ठेवायचे, सुईच्या टोकाला खोडरबर खोचायचा, म्हणजे टाके निसटत नाहीत. बाळाची बातमी आली की मगच टाके बंद करायचे.

मी एकदा काकींना विचारलं, असं का. मला वाटलं होतं, दृष्ट लागते वगैरे काही सांगतील.

काकी म्हणाल्या, "पुरी झालेली शाल घरात ठेवताही येत नाही आणि टाकताही येत नाही. सुईवर असली, तर ओढली की परत लोकर होते."

मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. ते ताईच्या वेळेस कळलं.

ताई माझ्याहून मोठी. लग्नाआधी तीही मंडळात यायची. आता ती अंबरनाथ पूर्वेला असते. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यातच तिचं सगळं संपलं. त्या शुक्रवारी काकींनी शाल मांडीवर घेतली, सुई काढली आणि धागा ओढायला सुरुवात केली. आई समोर बसून लोकर गुंडाळत होती. शाल वरून कमी होत गेली आणि आईच्या हातातला गुंडा मोठा होत गेला. उसवलेली लोकर कुरळी होते, तिला धुवून वजन बांधून वाळत टाकावी लागते, तेव्हा ती सरळ होते. आमच्या गॅलरीत ती कितीतरी दिवस लोंबत होती. पुढे तिचे कोणाकोणाचे मोजे झाले.

म्हणून दुसऱ्या खेपेला, ताईला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा मंडळात आनंद झाला असं म्हणता येणार नाही. सगळ्याजणी जरा सावध झाल्या. डॉक्टरांनी ताईला प्रवास नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी यायचं नव्हतं. ती तिकडे पडून, आई इकडे. लोकर आणायला आई आणि मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो. तिथले सिंधी काका आईला ओळखतात. त्यांनी पिवळी लोकर काढून दिली आणि म्हणाले, "दीदी, पुरा अभी ले जाओ. बाद में आओगे तो लॉट बदल जाएगा, फिर मेरे को मत बोलना."

आईने पुरी घेतली नाही. "लागेल तशी नेऊ," म्हणाली. काका माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. त्यांना वाटलं असेल, बाई व्यवहाराला कच्ची आहे. आईला जास्त लोकर घरात आणायची भीती वाटत होती, हे त्यांना कसं कळणार? पुढे झालं तेच झालं. दुसऱ्यांदा आणलेली पिवळी जरा गडद निघाली. शालीत अर्ध्यावर एक रेघ दिसते. आजी म्हणाल्या, "हिकडं सकाल, हिकडं दुपार. चालतंय."

ताई फोनवर आईला तब्येतीचं काही सांगायची नाही. एवढंच विचारायची, "सुईवरच आहे ना?"

"सुईवरच आहे."

आठव्या महिन्यात त्या शालीचं काम संपत आलं. त्या आठवड्यात आईला कंपनीत जादा पाळी लागली होती. आई अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगला आहे. बेल्टवरून भरलेला बॉक्स येतो, त्याची झाकणं दुमडायची, चिकटपट्टी मारायची, पुढे सरकवायचा. दिवसभर तेच. त्या शुक्रवारी शेवटच्या ओळी घालायची पाळी आईची होती. लाईट नव्हती. मी शेजारीच टोपी विणत होतो. आईचे हात चालू होते, म्हणून मी बघितलं नाही.

आजींनी बघितलं. "गो बाय! गो बाय, काय करतेस?"

आई दचकली. तिने डोळे उघडले आणि हातातलं बघितलं. ती टाके बंद करत होती. अर्ध्याहून जास्त ओळ बंद झाली होती. एकावर एक टाका ओढून, नीट, एकसारखी कड. इतकी सरळ कड त्या शालीला दुसरीकडे कुठेच नव्हती.

खोलीत सगळे हात थांबले. आई कोणाकडेच न बघता म्हणाली, "मला कळलंच नाही. हात आपोआप चालले." मग त्या सरळ कडेवरून बोट फिरवत, "दिवसभर बंदच तर करते मी."

कोणी तिला बोललं असतं तर बरं झालं असतं. काकी उठल्या, आईच्या शेजारी येऊन बसल्या आणि शाल आपल्या मांडीवर घेतली. "धागा तोडलेला नाही ना? मग काही झालेलं नाही." त्यांनी धागा हळूहळू मागे ओढायला सुरुवात केली आणि मी समोरून सुई घेऊन एकेक मोकळा होणारा टाका तिच्यावर घेत गेलो. कावीळ झालेल्या दिवसांत आईने मला पहिलं हेच शिकवलं होतं. टाका मोकळा झाला की घाबरायचं नाही, तो लगेच पळत नाही. तरी एक टाका माझ्या सुईखालून निसटला आणि खाली खाली उतरत गेला. शिडीसारखी फट पडली. काकींनी क्रोशाची सुई मागितली आणि तो टाका एकेक पायरी वर चढवत आणला.

आजी तेवढ्यात म्हणाल्या, "माझ्या सासूनी एकदा झोपंत भाकऱ्या थापलेल्या. अख्खी टोपली. सकालची कोनी केल्या म्हनून मलाच इचारते!"

एकदोघी हसल्या. आईसुद्धा. पण तिने त्या दिवशी परत सुया हातात घेतल्या नाहीत. घरी येताना जिन्यात थांबून मला म्हणाली, "ताईला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यातच ताईला दुखायला लागलं आणि तिला उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. वेळेआधी, फार लहान. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आई रोजच्यासारखी कामाला जात राहिली. भाकरी करताना मध्येच थांबायची आणि हाताकडे बघत राहायची. तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला कळत होतं. लोकरीने असं काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते तिला मी कुठल्या तोंडाने सांगणार? आणि सांगितलं असतं, तरी ती मान हलवून पुन्हा हाताकडेच बघत राहिली असती.

मंडळापुढे नवाच प्रश्न आला. बाळ तर झालं. मग ही बातमी धरायची का? एक बाई म्हणाली, झालं ते झालं, बंद करून टाका, पोरीला पांघरायला होईल. दुसरी म्हणाली, पेटीत पांघरूण घालू देत नाहीत. सगळ्यांनी काकींकडे पाहिलं.

काकींनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "घरी आली, ही बातमी. तोवर राहू दे सुईवर."

दवाखान्यातल्या सिस्टरने एक टोपी आणायला सांगितली होती. मंडळात टोप्या पुष्कळ होत्या, पण एकही बसेना. शेवटी ताईला विचारलं, केवढं डोकं आहे. ती म्हणाली, "संत्र्याएवढं." आजींनी खरंच एक संत्रं आणलं आणि त्यावर घालून बघत मी टोपी विणली. पण टोपी वरून आवळल्याशिवाय घालता येत नाही, आणि आवळून गाठ मारली की बंद झालीच. काकींनी त्यावर तोड काढली. टाक्यांतून धागा ओवला, आवळला, आणि गाठ न मारता टोक लांब सोडून दिलं. आजी म्हणाल्या, "शेंडी ठेवलीस की गो!"

मी ती टोपी दवाखान्यात दिली. ताई भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिने टोपीचं सुटं टोक बोटाला गुंडाळून बघितलं. तिला न सांगता सगळं कळलं.

"शाल?"

"सुईवर आहे."

"आईला सांग, झोप जरा."

पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेले आहेत. मी सकाळी कॉलेज, तिथून डबा घेऊन दवाखाना. आई पाळी करून दवाखाना, दवाखान्यातून घर. दाजी काचेबाहेर उभे. रोज तेच, आज दूध पचलं, आज नाही पचलं, आज वजन तेवढंच. वर्गात मी वही उघडून बसायचो आणि काय लिहून घेतलं ते मला कळायचं नाही. शाल घरी कपाटाच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली होती. आई येताजाता पिशवीवरून हात फिरवून खोडरबर जागेवर आहे ना बघायची.

शुक्रवारी मात्र आई पिशवी घेऊन मंडळात जायची. शाल मध्ये सतरंजीवर ठेवायची आणि सगळ्याजणी आपापलं विणत बसायच्या. कोणी तिला हात लावायचं नाही. एका शुक्रवारी लाईट नव्हती, आणि वारा अगदी पडला होता. आजी भिंतीला टेकून घोरत होत्या. काकींचा चष्मा नाकावर आला होता. आई बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर कलली होती आणि खांदा हलू नये म्हणून मी विणायचं थांबलो होतो.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. दाजींचा होता. मी तो कानाला लावला, पण आवाजच कळेना, नुसती घरघर आणि हॉर्न.

"दाजी, काय झालं?"

आई खांद्यावरून उठली. काकींनी चष्मा वर केला.

"अरे, ऐकू येतंय का?" दाजी ओरडत होते. "रिक्षात आहोत आम्ही. सोडलं तिला. घरी नेतोय."

त्यांच्या आवाजामागे काहीतरी बारीक, चिडकं ऐकू येत होतं. मला आधी वाटलं रिक्षाचंच काही असेल. मग मी फोन आईच्या कानाला लावला.