मी ऑप्शन घेतला नाही

प्रोमोच्या धंद्यात एक रीत आहे. चॅनेलला काही खटकलं तर ते 'नको' म्हणत नाहीत, 'एक ऑप्शन घेऊन ठेव' म्हणतात. म्हणजे तुझ्या मनासारखं शूट कर, आणि वर आमच्या मनासारखंही कर. टीव्हीवर कायम ऑप्शनच लागतो. एवढी वर्षं प्रोमो करतेय, मधल्या वेळात मित्रांचे कॅमेरे मागून शॉर्ट फिल्म्स करतेय, पण ऑप्शन असताना मूळ शॉट लागलेला मी पाहिलेला नाही.

तो प्रोमो एका नव्या मालिकेचा होता. मुलगी नोकरीच्या पहिल्या दिवशी घरातून निघते, एवढंच. मरोळच्या स्टुडिओत सेट लावण्याचं बजेट नव्हतं, म्हणून मी आमचं घाटकोपरचं घर दिलं. दोन खोल्या आहेत, पण खिडकीतून ऊन छान येतं.

चॅनेलच्या वतीने शूटवर नजर ठेवणारा क्रिएटिव्ह आला. त्याला घर आवडलं, मग त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे निळ्या कोटातला, चष्म्यातला फोटो आणि खाली फळीवर बुद्धमूर्ती. वडील जालन्याहून आले तेव्हा या घरात सामानाआधी तो फोटो लागला, असं आई सांगते.

"घर न्यूट्रल दिसायला हवं ना," तो म्हणाला. "फोटो काढून, छोटंसं देवघर ठेवून एक ऑप्शन घेऊन ठेव."

देवघर टेम्पोतून आलंही होतं. 'मराठी घर' म्हटलं की आर्टवाले ते न सांगता आणतात. देवघर न्यूट्रल आणि आमची भिंत तेवढी 'त्यांची', हे गणित मला शाळेपासून सुटलेलं नाही.

मी काही बोलणार तोच आई पदराला हात पुसत स्टुलावर चढली. माझं काम अडलंय हे तिला कळलं होतं. "दोन तासांचा तर प्रश्न आहे गं, परत लावू," ती म्हणाली आणि तिने फोटोला हात घातला. स्वतःच्या घरात, माझ्या पोटापाण्यासाठी! माझं डोकंच फिरलं.

"आई, खाली उतर."

मग मी त्याला सांगितलं की ऑप्शन मिळणार नाही. दुसरा डायरेक्टर आणायचा तर खुशाल आणा, पण घर माझं आहे, मग दुसरं घरही शोधावं लागेल.

तो बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिला. तेवढ्यात मी शॉट बदलला. नटीला फोटोच्या अगदी खाली उभं केलं, इतकं खेटून की फोटो कापायचा तर तिचं कपाळही जाईल. निघताना तिने मागे वळून वर बघायचं. कॅमेरामन गालात हसला. ऊन जायच्या आत आम्ही उरकलं.

एडिटला बरीच डोकी खाजवली गेली म्हणे. पण प्रोमो लावायची तारीख ठरलेली आणि हातात दुसरं काहीच नाही. तसाच लागला. त्या चॅनेलने मला पुन्हा बोलावलं नाही. नाही तर नाही, मी काही त्यांच्या दारात उभी राहिले नाही.

आई अजून म्हणते, उगाच भांडलीस, काढला असता तर काय बिघडलं असतं. आणि घरी कुणी आलं की फोनवर तोच प्रोमो लावते. पोरगी वळून वर बघते तिथे बरोबर थांबवते. पाहुण्याच्या समोर भिंतीवर तो फोटो असतोच, तरी ती फोन त्याच्या हातात देते.

"बघा," ती म्हणते, "आमचं घर. जसंच्या तसं."