सारवलेली सुपं

सुपवाल्या बाईंनी मला सांभाळलं, हे आधी सांगून टाकतो. काय घडलं ते मागाहून. नाहीतर सांगायच्या ओघात माझी भीतीच पुढे पुढे येते, आणि जिच्यामुळे ती थोडी कमी झाली ती बाई मागे राहून जाते. तर ब्रह्मपुरीच्या सुपवाल्या बाई. बांबूची सुपं विणून विकायची आणि त्यावर आफ्रिकेतल्या तीन पोरींची शाळा चालवायची, हे साऱ्या पृथ्वीवर एकट्या त्यांनाच सुचू शकतं, आणि सुचल्यावर लोक हसतात म्हणून सोडून न देणंही त्यांनाच जमू शकतं. वय सत्तरीच्या आसपास, उंची त्यांच्याच हिशेबानं "उभ्या ठेवलेल्या तीन सुपांएवढी", आणि आवाज असा की स्टँडवर त्यांनी "सूऽऽप" म्हटलं की नागपूरच्या गाडीत झोपलेली माणसं आपला थांबा आला समजून पिशव्या शोधू लागतात.

मी अहेरीच्याही पुढचा, जंगलातल्या गावचा. आठवीनंतर शाळा सोडली. मागे दोन भाऊ होते, सगळ्यांना शिकवणं जमणार नव्हतं, आणि मोठा मी होतो. काही वर्षं मिळेल ते काम केलं, मग दोन गाड्या बदलून ब्रह्मपुरीला उतरलो तो तापानं फणफणलेला. स्टँडच्या भिंतीशी आडवा झालो. डोळे उघडले तर तोंडावर सूप. मला वाटलं, मेलो आणि कुणीतरी झाकून ठेवलं. वरून आवाज आला, "उन्हासाठी ठेवलं बाबू. मेला नाईस अजून." नाव नाही, गाव नाही, बाईंचा पहिला प्रश्न, "कितवी शिकलास?"

"आठवी."

"मंग?"

"मंग काई नाई."

"अरे बाप्पा," बाई म्हणाल्या, जणू तापापेक्षा हाच आजार मोठा. त्यांनी मला रिक्षात घालून घरी नेलं, घरापुढच्या छपरीत खाट टाकून दिली, पेज पाजली, आणि नाव विचारायचं राहूनच गेल्यामुळे मला "आठवी" म्हणू लागल्या. "आठवी, दोरी धर." "आठवी, गोळी घेतली का?" पुढे मी काळी-पिवळी जीप चालवायला शिकलो, आता नागभीड-ब्रह्मपुरी करतो, आणि सारा स्टँड मला आठवीच म्हणतो. शिकलेली माणसं खिडकीतून विचारतात, "आठवी, सीट हाय का रे?" बाईंचं वचन आहे, "नववीत गेलास का नाव बदलीन." सहा वर्षं झाली.

बाई जन्मानं बुरडाघरच्या, म्हणजे बांबू त्यांच्या हातातच. पण आयुष्य गेलं आश्रमशाळेत भात शिजवण्यात. "पोट्ट्यायले जेवाले वाढलं, पण शिकताना कधी पाह्यलं नाई, तवा चुलीपाशी असायची," असं त्या म्हणत. निवृत्त झाल्यावर पुन्हा सुपं विणू लागल्या. त्या काळात गडचिरोलीला दवाखान्याचं काम शिकायला युगांडाहून एक नर्स आली होती. बाजारात तिनं बाईंचं सूप उचललं, आणि बाईंनी सवयीप्रमाणे त्यात मूठभर कांडलेलं धान टाकलं. कारण बाईंचा नियम आहे: ज्याला पाखडता येत नाही त्याला सूप मिळत नाही. नर्सनं बोटं बरोबर कडेला ठेवली, मनगट हलवलं, आणि दोन झटक्यांत कोंडा बाहेर, दाणा आत. तिच्या आईकडेही असंच होतं म्हणे, फक्त गोल. बाई बघतच राहिल्या. "जिले पाखडता येते ते परकी कशी?" झालं. त्यानंतर नर्सचे सगळे रविवार बाईंच्या चुलीपाशी गेले. तिच्या गावात तीन अनाथ बहिणी होत्या, शाळा लांब होती, तिथल्या वसतिगृहाचा खर्च उचलणारं कुणी नव्हतं. बाई "मी हाय" म्हणून मोकळ्या झाल्या आणि नर्स गेल्यावर मला विचारू लागल्या, "आठवी, युगांडा कुठून लागते? चंद्रपूरवरून का नागपूरवरून?"

कुठून लागतो ते कळलं नाही, पण तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे हे मात्र त्यांनी पक्कं पाठ केलं. भर बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करत असताना मध्येच म्हणत, "थांब वो बाई, पोरी आता उठल्या असतीन." या अडीच तासांचा उपयोग त्या स्वतःसाठीही करत. एकदा मी जीप भरून, हॉर्न वाजवून थकलो, प्रवासी मला शिव्या घालू लागले, तेव्हा बाई डोक्यावर सुपांची चळत घेऊन सावकाश आल्या. मी म्हटलं, "बाई, किती उशीर!" तर म्हणाल्या, "युगांड्याच्या टाइमानं मी लवकर आली."

पाखडायच्या परीक्षेतून कुणीही सुटलं नाही. लक्ष्मीपूजनासाठी सूप घ्यायला आलेल्या एका बँकेच्या साहेबांना त्यांनी स्टँडवर पाखडायला लावलं. साहेबांच्या मिशीत कोंडा, धान रस्त्यावर, भोवती कोंबड्या. तिसऱ्या बाजाराला साहेब पास झाले आणि इतके खूश झाले की दोन सुपं घेऊन गेले. देणगी तर बाईंना चालतच नसे. एका ठेकेदाराने नोट पुढे केली तेव्हा "फुकटचा पैसा पोरीच्या डोक्यात जात नाई जी" म्हणून त्याच्या हातात सूप कोंबलं. त्याच्या घरात आता अकरा सुपं आहेत आणि पाखडायला काही नाही. पानठेल्यावरचे टोमणे मारत, "आपल्या गावची शाळा गळून राह्यली, अन् बाई चालली आफ्रिकेले!" बाई चालता चालता म्हणत, "तुह्या पोट्ट्याले शाळा बोलावते, तो जात नाई. तिकडच्या पोरी दारात उभ्या हायेत. मी कोणाकडं पाहू, सांग." दुसरा एक नियम माझ्यासाठी होता. रिकामं सूप कधी झटकायचं नाही, घरात असेल तेही निघून जातं. मी सहज हातात घेऊन हलवलं की मनगटावर फटका बसे.

मागच्या दिवाळीआधी पुण्याच्या एका दुकानातून शंभर सुपांची मागणी आली. गडचिरोलीच्या प्रदर्शनात त्यांच्या मालकीणबाईंनी बाईंचं काम पाहिलं होतं. ती मागणी पुरी झाली की तिघींचं पुढचं अख्खं वर्ष निघणार होतं. जानेवारी सरताना तिकडची शाळा उघडते, त्याआधी रक्कम पोचायला हवी. बाईंच्या फोनवर मेसेज दिसत नसत, म्हणून दुकानाचा मेसेज माझ्या फोनवर आला. इंग्रजीत, चार ओळी. मी वाचायचा प्रयत्न केला. शंभर कळलं, तारीख कळली. बाकीचं अक्षर अक्षर लावलं तरी कळेना. विचारायला स्टँडवर कॉलेजची पोरं होती, पण रोज ज्यांना मी "मागं सरका" म्हणून ओरडतो त्यांच्यापुढे फोन कसा धरू? बाईंनी विचारलं, "काय म्हणते ते?" आणि मी म्हणालो, "चांगलं बनवा म्हणते."

बाईंनी चांगलं बनवलं. महिनाभर घरात बांबूच्या कामट्यांशिवाय काही नव्हतं. भातात कामटी, अंथरुणात कामटी. सुपं अशी उतरली की पाणी भरलं तरी थेंब थेंबच गळावं. आणि पाठवायच्या दोन दिवस आधी बाईंनी शेण आणलं, मेथी भिजवून वाटली, आणि शंभरच्या शंभर सुपं आतून-बाहेरून सारवायला घेतली. आमच्याकडे नवं सूप सारवल्याशिवाय वापरत नाहीत. फटी बुजतात, कणी गळत नाही. पण ते घेणाऱ्यानं करायचं असतं. मी भीत भीत म्हटलं, "बाई, ते लोक करतीन ना." बाई कोपरापर्यंत शेणात होत्या. "पुण्यात शेण कुठी भेटते त्यायले? न सारवता सूप देणं म्हणजे नवरीले हळद न लावता मांडवात उभी करणं होय." सुपं वाळत घालायला अंगण पुरेना, तेव्हा माझ्या जीपचं टप, बॉनेट, शेवटी सीटासुद्धा. दोन दिवस माझी गाडी बंद, आणि पुढचे पंधरा दिवस नागभीडचे प्रवासी नाकाला रुमाल लावून, "आठवी, म्हैस नेली काय रे?"

सुपं पुण्याला पोचली आणि तशीच्या तशी परत आली. दुकानाच्या बाईंची काही चूक नव्हती. त्यांनी स्वतः फोन केला, फार नरमाईनं बोलल्या. त्यांना सुपं भिंतीवर लावायला हवी होती, बांबूचा मूळ रंग दिसणारी, काहीही न लावलेली. आमच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि खरंच न समजून विचारलं, "भिंत पाखडते का जी?"

मग मी जीपमधल्या एका कॉलेजच्या पोरीला फोन दाखवला. पहिल्याच ओळीत तिनं वाचलं: काही लावू नका. मी बाईंसमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता छपरीतून खाट बाहेर. बाई परत आलेल्या गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे मेसेज तुले वाचता नाई आला."

"नाई आला."

"अन् हे सांगाची लाज वाटली."

मी मान हलवली. बाईंनी हातातली गाठ सोडवली. "मले पण वाचता नाई येत. आपण दोघं मिळून पोरीयची शाळा चालवून राह्यलो, पाह्य आता." आणि हसल्या. गावात मात्र त्यांनी माझं नाव कुठंच येऊ दिलं नाही. पानठेल्यावर कुणी खोदून विचारलं तर, "सारवायची घाई मलेच झाली. म्हातारपण होय," एवढंच. मी बाजूला उभा राहून ऐकत असे. बोलायला तोंड उघडलं की बाई माझ्या पायावर पाय देत.

मळणीचे दिवस होते. आम्ही सुपं जीपच्या टपावर बांधून आरमोरी, सिंदेवाही, नागभीड, मिळेल तो आठवडी बाजार गाठला. धानवाल्या बाया सूप उलटंपालटं करून म्हणत, "अगो माय, सारवून पण देतेस?" आणि हातोहात नेत. बाईंना आयुष्यात इतकी तारीफ मिळाली नव्हती. पण बाजारातल्या सुपाला बाजाराचाच भाव. सगळी विकली तेव्हा दोघींपुरतं जमलं होतं. तिसरीपुरतं नव्हतं. नर्सनं विचारलं, कोणत्या दोघी? ज्या बाईला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, ती चार दिवस बाजारात गेली नाही. पाचव्या दिवशी माझ्या फोनवर नर्सनं भरून पाठवलेला आवाज आला, इथं शिकलेल्या मोडक्या हिंदीत: "माताजी, बड़ी बोली, मैं रुकती। छोटी लोग जाएँगे।"

बाईंनी ते तीनदा ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मोठे असेच असतात काय रे, सगळीकडे?"

बाईंनी हाताला लागलं ते सूप उचललं, रिकामंच, आणि पाखडलं. एकदा, दोनदा. मग त्यांच्याच ध्यानात आलं आणि त्यांनी ते हळूच पालथं घातलं.

आता बाईंच्या हातून कामटी सुटते. मी विणायला बसतो. त्या माझं सूप बघतात, "छान हाय" म्हणतात आणि अर्धं उसवून परत देतात. जीपच्या कप्प्यात बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म आहे. बाईंनीच आणवला, त्यावर शेणाचं एक बोट उमटलं आहे. रोज सकाळी मी तो काढतो, बघतो, पुन्हा ठेवतो. तरी हे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. बाई, मी फॉर्म भरीन. मोठी पुन्हा शाळेत जाईल, माझ्या हातच्या सुपांवर जाईल, आणि तिथून आलेला कागद कुठल्याही भाषेतला असो, तुम्हाला मी वाचून दाखवीन, जे लिहिलं असेल तेच. तुमचं मी फेडीन. उशीर होईल, मला सगळ्यालाच उशीर होतो. पण तुम्ही युगांड्याच्या टाइमानं धरा.