बिनपदवीची इंग्रजीची बाई

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या हाताला काम उरलं नाही. नोकरी होती, टेबल होतं, दौतही होती, काम तेवढं नव्हतं. ते उस्मानाबादच्या कोर्टात नक्कलनवीस होते. उर्दूतले निकाल, खरेदीखतं, जबान्या यांच्या नकला उतरवून द्यायच्या, हे त्यांचं काम. अक्षर असं की जुने वकील निकाल वाचायच्या आधी नुसतं बघत बसायचे. निजामाचं राज्य गेलं, कोर्टात मराठी आली आणि उर्दू कागद कमी कमी होत गेले. आठवड्यातून एखादा म्हातारा जुन्या मुकदम्याची नक्कल मागायला यायचा. बाकी वेळ हे खिडकीशी बसून बोरूला टोक काढायचे आणि संध्याकाळच्या मोटारीनं तुळजापूरला घरी यायचे.

मी तुळजापुरातच मुलींच्या शाळेत होते. पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायची. लग्नानंतर बाहेरून मॅट्रिक झाले होते, औरंगाबादला राहून ट्रेनिंगही केलं होतं. कॉलेजची पायरी मात्र कधी चढले नाही. आमच्याकडं तेव्हा मुलगी मॅट्रिक झाली म्हणजेच लई झालं.

इंग्रजी मला नळदुर्गात मिळाली. वडील तिथं पोस्टात कारकून होते. शेजारी एक मुसलमान मास्तर राहायचे, निजामाच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे. त्यांच्या मुलीबरोबर मीही पाटी घेऊन बसायचे. पुस्तकं थोडी, म्हणून मास्तर आमच्याकडून औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून घ्यायचे, तारेचे फॉर्म वाचून घ्यायचे. एकदा वडिलांनी पोस्टाचं जुनं जाडजूड गाईड आणून दिलं, तर त्यातली परदेशी गावांची यादी आम्ही महिनाभर वाचली. मास्तर स्वतः मिडल पास. एकच नियम होता त्यांचा. "बेटी, गलत बोलो, मगर पूरा बोलो." अर्धं वाक्य बोललं की ते कानावर हात ठेवायचे.

तर एका संध्याकाळी नवरा घरी आला तो वर्तमानपत्राची घडी हातात घेऊनच. चहासुद्धा घेतला नाही.

"हे वाच," म्हणाले.

जाहिरात होती. आफ्रिकेत टांगानिकाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात गुजराती मंडळींनी चालवलेली शाळा. चौथीपर्यंतच्या मुलांना इंग्रजी शिकवायला ट्रेनिंग झालेली हिंदुस्थानी बाई पाहिजे. पदवीधर बाईंना प्राधान्य.

"पदवीधर पाहिजे त्यांना," मी म्हणाले.

"प्राधान्य लिहिलंय. अट न्हाय लिहिली." कोर्टात इतकी वर्षं कागद उतरवलेला माणूस, शब्द बरोबर पकडला त्यांनी.

"आणि तुम्ही काय करणार तिथं?"

"इथं काय करतोय?"

ते हसत म्हणाले, पण मला ते लागलं. त्या रविवारी आम्ही अर्ज लिहायला बसलो.

कोर्टाबाहेर बसणारा एक अर्जनवीस यांचा दोस्त होता. तो त्या दिवशी देवीच्या दर्शनाला आला होता, तसाच आमच्याकडं जेवायला थांबला. अर्ज बघून त्यानं मान हलवली.

"वहिनी, पदवीचा रकाना मोकळा सोडला तर कोण बघणार तुमच्याकडं? तुमच्या मालकाच्या हातात जादू हाय. हैदराबादची एक बी. ए.ची सनद लिहून द्यायला त्यांना किती वेळ लागतो? शिक्क्याचं मी बघतो. समुद्रापार कोण तपासायला येतंय?"

खरं सांगते, मला मोह पडला. मनात आलं, इंग्रजी तर मला येतेच. कागदच तेवढा नाही. आणि कागद करणारा माणूस घरातच आहे. मी नवऱ्याकडं बघितलं. त्यांनी ताटातला घास संपवला, पाणी प्यायले.

"मी नक्कल करतो," ते म्हणाले. "नक्कल करायची तर अस्सल कुठंतरी असावं लागतं. हिच्या पदवीचं अस्सल कुठं हाय?"

दोस्त ओशाळला. "मी आपलं तुमच्या भल्याचं बोललो."

"ठाऊक हाय. वाढ गं त्यांना अजून."

मग जेवणं झाल्यावर मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. यांनी वेगळा कागद घेतला आणि त्यावर जे होतं ते सगळं लिहायला लावलं. मॅट्रिक, ट्रेनिंग, सहा वर्षं शिकवलेले वर्ग, वर्गात किती मुली, घरी सासूबाई आणि नवरा, मूलबाळ नाही. मी सांगायची, ते उतरवायचे. इतक्या सुबक अक्षरात 'पदवी नाही' असं लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. शाळेच्या मंडळानं कळवलं होतं की तिथल्या सरकारी नियमाप्रमाणं पदवी नसलेल्या शिक्षकाला खालच्या वर्गांपुरता परवाना मिळू शकतो. पण त्यासाठी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, जन्माचा दाखला आणि एखाद्या शाळा तपासनिसानं माझा वर्ग प्रत्यक्ष बघून दिलेलं पत्र पाहिजे. परवाना हातात पडल्याशिवाय बोटीत बसू नये, असंही बजावलं होतं.

जन्माचा दाखला उर्दूत होता. नवऱ्यानं त्याचा मराठी आणि, माझ्या मदतीनं, इंग्रजी तर्जुमा केला आणि तो रीतसर कोर्टातून साक्षांकित करून आणला. किती दिवसांनी त्यांच्या बोटांना शाई लागलेली मी पाहिली.

तपासनीस आले ते मंगळवारी, देवीच्या वाराला. गावात गर्दी, बाहेर संबळ वाजतोय आणि वर्गात सातवीच्या एकोणीस मुली. कोट घातलेले, गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ मागच्या बाकावर बसले. मी धडा घेतला. मुली बऱ्या बोलल्या. मग ते उठले आणि पुढच्या एका मुलीला त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

ती पुजाऱ्याची मुलगी. लाजाळू. मी मनात म्हणाले, संपलं. ती उभी राहिली, परकराचं टोक पिळलं, आणि एका दमात म्हणाली, "माय फादर गिव्ह देवी बाथ एव्हरी मॉर्निंग, सर!"

वर्ग हसला. तपासनीस हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "अँड यू?" ती म्हणाली, "आय ब्रिंग फ्लावर, सर. मेनी फ्लावर."

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "व्याकरण कच्चं आहे, बाई."

"होय."

"पण बोलतात. मी महिनाभर शाळा बघत फिरतोय. पोरं उभी राहतात आणि खाली बघतात. तुमची पोर बोलली." त्यांनी तिथंच हेडबाईंच्या टेबलावर पत्र लिहिलं. त्यात एक ओळ होती की या शिक्षिकेला पदवी नाही, हे मला ठाऊक आहे. ती ओळ वाचून आधी मला वाईट वाटलं. मग नवऱ्यानं समजावलं, "तीच ओळ कामाची. त्यांनी बघून लिहिलंय, न बघता न्हाय."

परवाना आला. एकाच शाळेपुरता, चौथीपर्यंत, एका वर्षाचा. दरवर्षी वाढवून घ्यायचा. त्याबरोबर कुटुंबाचा फॉर्म होता. त्यात 'शिक्षकाची पत्नी' असं छापलेलं होतं. नवऱ्यानं 'शिक्षक' आणि 'पत्नी' दोन्ही शब्दांवर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'शिक्षिकेचा पती'. बिनपगारी रजेचा अर्ज दिला.

सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. मग एक दिवस म्हणाल्या, "बायकोच्या मागं मागं समुद्रापार चाललास व्हय?"

"मागं न्हाय, संगं," हे म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी त्या काळं तिखट कुटायला बसल्या, आणि दोन माणसांना दोन वर्षं पुरेल एवढं कुटलं.

बोटीतले दिवस मला फारसे आठवत नाहीत, मी आडवीच होते. गाव मात्र पहिल्याच दिवशी आवडलं. पांढरी घरं, नारळाची झाडं आणि कुठंही गेलं तरी शेवटी दिसणारा समुद्र. शाळेत गुजराती मुलं, शिस्त कडक, पण माणसं मायेची. नवऱ्याला तिथं नोकरी करायला मनाई होती. एका दुकानदारानं त्यांचं अक्षर पाहून दुकानाची पाटी रंगवून मागितली, तर हे आधी सरकारी कचेरीत जाऊन विचारून आले. तिथं सांगितलं, मोबदला घेऊन चालणार नाही. मग त्यांनी पाटी रंगवलीच नाही. पण शाळेतल्या मुलांना वह्यांवर नावं घालून द्यायला परवानगी मिळाली, तेव्हा दीडशे वह्या दोन दिवसांत संपवल्या. मुलं आपलंच नाव बोटानं गिरवत बसायची.

घर ते सांभाळायचे. बाजारात एक दिवस त्यांना ज्वारी दिसली. तिथले लोक तिला म्टामा म्हणतात. अख्खी पिशवी भरून आणली, निवडली, दळून आणली आणि भाकरी थापायला बसले. पहिल्या भाकरीचे चार तुकडे झाले. महिन्याभरात माझ्यापेक्षा गोल व्हायला लागली.

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा परवाना वाढवायच्या आधी एक इंग्रज बाई वर्ग बघायला आल्या. मी फळ्यावर शब्द लिहिले आणि वाचताना माझ्याच तोंडून 'इस्कूल' गेलं. लहानपणी मास्तरांकडं तसंच म्हणायची, कितीही ठरवलं तरी घाईत तेच येतं. मुलंही एका सुरात ओरडली, "इस्कूल!"

मी थांबले. लपवण्यात अर्थ नव्हता. मुलांना म्हणाले, "मी आत्ता चुकले. माझी जीभ इथं अडते. तुमचीही अडते. बघा, आधी सापासारखं स्सss करायचं, मग पुढं जायचं." सगळा वर्ग सापासारखा फुसफुसायला लागला. स्सss-कूल. स्सss-टेशन. पाच मिनिटं नुसते साप.

त्या बाई वर्ग संपल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक आहे तुमची मुलं नेमकी कुठं अडखळतात. मला ते कधी कळलं नसतं." त्यांनी सही केली. पुढच्या वर्षी परवाना पुन्हा वाढला, तेव्हा त्या वर्गात न येताच सही करून गेल्या.

तिसऱ्या वर्षाअखेर सासूबाईंचं पत्र आलं. शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं. 'मी ठीक आहे. भांडायला घरात कोणी नाही.' एवढंच. यांची वाढवून घेतलेली रजाही संपत आली होती. शाळेनं आग्रह केला, पण आम्ही निघालो. निरोपाला मुलांनी एका सुरात, अगदी स्वच्छ म्हटलं, "गुडबाय, टीचर, कम अगेन टू अवर स्कूल." मी रडले.

परत आलो तेव्हा मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला होता. नवरा कोर्टात मराठी नकला करू लागला. देवनागरीतही त्यांचं अक्षर तसंच देखणं उतरलं. मला जुनी शाळा परत मिळाली. हेडबाई म्हणाल्या, "आता बी. ए. करूनच टाका. बाहेरून बसता येतं." मी फॉर्म भरला, पुस्तकं आणली, अभ्यासही सुरू केला. पण त्याच वर्षी, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर, मला दिवस राहिले. सासूबाईंनी पुस्तकं कपाटावर ठेवली आणि मीही ती खाली काढली नाहीत.

मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन मी पुढच्या जूनमध्ये शिकवायला लागले. वर्गातल्या मुली पाळीपाळीनं तिला घ्यायच्या, पण नियम एकच केला होता, मागायचं ते इंग्रजीत आणि पुरतं मागायचं. "प्लीज, बाई, गिव्ह मी बेबी." त्या वर्षी सातवीची एकही मुलगी इंग्रजीत नापास झाली नाही.